दोन पात्रं, एक स्वयंपाकघर: विद्यार्थी फिल्ममधला सीन टप्प्याटप्प्याने कसा उभा करायचा

कॉलेजच्या फिल्म प्रोजेक्टमधला सीन फसतो तो बहुतेक वेळा शूटिंगच्या आधीच. कॅमेरा भाड्याने ठरतो, मग शॉट ठरतात, मग कलाकारांना त्या शॉटमध्ये बसवलं जातं, आणि ‘या सीनमध्ये नक्की घडतंय काय?’ हा प्रश्न एडिटला बसल्यावर पहिल्यांदा पडतो. तोवर लोकेशन सुटलेलं असतं आणि कलाकार परीक्षेच्या अभ्यासाला लागलेले असतात. इथे क्रम उलटा लावला आहे: आधी घटना, मग माणसांच्या हालचाली, मग कॅमेरा.

सगळ्या टप्प्यांसाठी एकच उदाहरण घेऊ. दुपारची वेळ. ताईच्या फ्लॅटवर धाकटा भाऊ आला आहे. ताई ओट्याशी पोळ्या लाटते आहे. भावाच्या पिशवीत गावच्या जमिनीचं हक्कसोडपत्र आहे आणि उद्या ताईने नोंदणीला यावं, असं त्याला हवं आहे. सीन साधारण तीन मिनिटांचा, पात्रं दोनच. पहिल्या प्रयत्नासाठी एवढं पुरेसं आहे, आणि अवघडही.

## टप्पा १: सीनमध्ये काय बदलतं ते एका वाक्यात लिहा

सुरुवातीला कुणाचं पारडं जड आहे आणि शेवटी कुणाचं, ते लिहा. आपल्या सीनचं वाक्य असं होईल: ‘भाऊ ताईचा होकार गृहीत धरून येतो आणि तिला गृहीत धरता येणार नाही हे कळून जातो.’

‘भावाबहिणीच्या नात्यातला ताण’ असं लिहिलंत तर तो विषय झाला. त्याचं शूटिंग करता येत नाही. वाक्यात आधीची एक स्थिती आणि नंतरची एक स्थिती हवीच.

आता तो बदल नेमक्या कोणत्या ओळीवर होतो, ती ओळ लाल पेनाने अधोरेखित करा. आपल्याकडे ती ताईची ओळ आहे: “आईला माहितीये?” त्याआधी भाऊ बोलतोय आणि ताई ऐकतेय. त्यानंतर ताई विचारतेय आणि भाऊ उत्तरं शोधतोय. पुढचं प्रत्येक काम, म्हणजे हालचाल, शॉट, प्रकाश, एडिट, या एका ओळीकडे बघून करायचं आहे.

याच टप्प्यावर संहितेतली व्यवहाराची बाजू तपासा. हक्कसोडपत्रावर घरी सही घेऊन काम भागत नाही, ते दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावं लागतं. ताईने पोळपाटाशेजारी सही केली आणि जमीन गेली असं दाखवलंत, तर ज्याच्या घरात हे घडलंय तो प्रेक्षक तिथेच तुमच्यापासून तुटेल. म्हणून आपल्या भावाची मागणी ‘सही कर’ अशी नाही, ‘उद्या ये’ अशी आहे. त्यामुळे सीनला मुदतही आपोआप मिळते.

तपासा: ‘एक पान म्हणजे एक मिनिट’ हा हिशेब इंग्रजी पटकथेच्या ठरावीक साच्यावर बसवलेला आहे. देवनागरीत, आपापल्या फाँटमध्ये टाइप केलेल्या संहितेला तो लागू पडत नाही. दोघांना समोरासमोर बसवून, विराम घेत, मोठ्याने वाचायला लावा आणि स्टॉपवॉच लावा. तीन मिनिटांचा सीन पाच मिनिटांचा निघाला तर आत्ताच कापा.

## टप्पा २: प्रत्येक ओळीपुढे एक क्रियापद लिहा

संहितेच्या समासात पेन्सिलीने लिहा, की ही ओळ बोलून पात्र समोरच्याचं काय करू पाहतंय. भाऊ विचारतो, “दाजी कधी येतात गं?” इथे तो ताईचा नवरा घरी नाही ना, याचा अंदाज घेतोय. पुढे तो लाडीगोडी लावतो, मग घाई करतो, मग तिला अपराधी वाटायला लावतो. ताई आधी टाळते, मग चाचपते, मग अडवते.

भावनांची नावं लिहू नका. ‘दुःखी’, ‘चिडलेला’, ‘हताश’ हे शब्द कलाकाराला करायला काहीच देत नाहीत. ‘टाळते’ म्हटलं की हात आपोआप पिठाच्या डब्याकडे जातो.

मग दोन्ही कलाकारांना वेगवेगळं भेटा आणि प्रत्येकाला एक गोष्ट अशी सांगा जी दुसऱ्याला माहीत नाही. भाऊ करणाऱ्याला सांगा, की तू खरेदीदाराकडून इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन बसला आहेस. ताई करणारीला हे सांगू नका. संहितेत कुठेही नसलेली ही माहिती भावाच्या घाईत दिसू लागते, आणि ताई करणारी मुलगी ती घाई बघून खरोखर विचारात पडते.

## टप्पा ३: लोकेशन ऐका, मग बघा

शूटिंग ज्या वेळेला असेल त्याच वेळेला लोकेशनवर जा. सकाळी दहाला बघितलेलं स्वयंपाकघर दुपारी तीनला वेगळं असतं. खिडकी पश्चिमेला असेल तर ऊन थेट ओट्यावर येईल आणि तासाभरात सरकेल.

पहिली पाच मिनिटं डोळे मिटून उभे राहा आणि जे ऐकू येतं त्याची यादी करा: फ्रिज, पंखा, एक्झॉस्ट, सोसायटीचा पाण्याचा पंप, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, शाळेच्या व्हॅनचा हॉर्न. यातलं काय बंद करता येईल, कशाची वेळ विचारून घेता येईल आणि काय सहन करावं लागेल, असे तीन भाग करा. पंपाची वेळ वॉचमनला विचारली की कळते. समोरच्या प्लॉटवर बांधकाम सुरू असेल तर दुसरं घर शोधा. स्लॅब कापण्याच्या आवाजातून संवाद सोडवता येत नाही.

मग टेप घेऊन मोजा. फ्लॅटच्या स्वयंपाकघरात ट्रायपॉड पूर्ण उघडत नाही ही नेहमीची अडचण. कॅमेरा ड्राय बाल्कनीच्या दारात किंवा हॉलच्या उंबऱ्यावर ठेवून काय दिसतं ते मोबाइलवर बघा.

सावध: घरमालकाच्या होकारावर थांबू नका. सोसायटीच्या सेक्रेटरीला तारीख, वेळ आणि माणसांची संख्या आधीच लेखी कळवा. दुपारी शूटिंग थांबवलं जातं ते अनेकदा असं न कळवल्यामुळेच.

## टप्पा ४: हालचाली बसवा, कॅमेरा घरी ठेवून

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. निदान एक तालीम खऱ्या स्वयंपाकघरात, खऱ्या कणकेसह करा.

आपल्याकडची बरीच मुलं एकांकिकेतून येतात. पुरुषोत्तम, फिरोदिया करंडक अशा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या तालमींनी त्यांना शिस्त दिलेली असते, पाठांतर चोख असतं. पण अंगात काही सवयी मुरलेल्या असतात: चेहरा प्रेक्षकांकडे उघडा ठेवायचा, समोरच्याशी बोलताना तिरकं उभं राहायचं, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा. कॅमेऱ्यापुढे यातलं काहीच लागत नाही. कॅमेऱ्याकडे पाठ फिरवून बोललं तरी चालतं, कुजबुजलं तरी चालतं. पहिल्याच तालमीत हे स्पष्ट सांगा, आणि दोघांना एकमेकांपासून जेवढ्या अंतरावर उभे आहेत तेवढ्याच अंतराला पुरेल एवढ्या आवाजात बोलायला लावा.

आता आपल्या जागेकडे बघा. ओटा भिंतीला लागून असतो. पोळ्या लाटणारी बाई खोलीकडे पाठ करून उभी असते. नवखा दिग्दर्शक ‘चेहरा दिसत नाही’ म्हणून ताईला डायनिंग टेबलावर आणून बसवतो, आणि सीनची सर्वांत मोठी ताकद घालवतो. पाठ तशीच राहू द्या. भाऊ पहिला दीड मिनिट तिच्या पाठीशी बोलतोय. ती लाटतेय, तव्यावर टाकतेय, अर्धवट उत्तरं देतेय. “आईला माहितीये?” या ओळीवर ती पहिल्यांदा वळते. सीनमधला बदल आता डोळ्यांना दिसतो आणि त्यासाठी एकही जादा शब्द लागत नाही.

हातांचं कामही असंच ओळींशी बांधा. भाऊ कागद पुढे करतो. ताईचे हात पिठाचे आहेत, ती घेऊ शकत नाही. “ठेव तिथं,” ती म्हणते. तो ओट्यावर ठेवतो, आणि तिथे पीठ सांडलेलं आहे. ती मनगटाच्या मागच्या बाजूने कागद जरा सरकवते, पोळपाटाला लागू नये म्हणून. तिला वाचायचंच नव्हतं, की खरंच हात बरबटले होते? प्रेक्षकाला ठरवू दे. अशी एक कृती सापडली की चार वाक्यं कापता येतात, आणि कापाच.

तालमीचा क्रम असा ठेवा:

1. पहिली फेरी सूचना न देता. दोघं कुठे जातात, कुठे अडखळतात ते नुसतं बघा.
2. दुसऱ्या फेरीत तुम्ही जागा बदलत फिरा. कुठून बघताना सीन जास्त लागतोय ते टिपा. तीच कॅमेऱ्याची जागा असण्याची शक्यता मोठी असते.
3. तिसऱ्या फेरीत हालचाली पक्क्या करा. कोणत्या ओळीला लाटणं थांबतं, कोणत्या ओळीला भाऊ दाराची चौकट सोडून स्टुलावर बसतो, ते संहितेत लिहा.
4. वरून दिसणारा खोलीचा नकाशा काढा. ओटा, खिडकी, दार, स्टूल, ताईच्या आणि भावाच्या जागा. बाणाने हालचाल दाखवा.

तपासा: प्रत्येक हालचालीला ‘का?’ विचारा. ‘फ्रेम बरी दिसते’ एवढंच उत्तर येत असेल तर ती हालचाल काढा.

## टप्पा ५: शॉट ठरवा आणि कागदावर एडिट करा

नकाशा झाल्यावर शॉट आपोआप सुचतात. या सीनला सात पुरतात:

1. मास्टर: ड्राय बाल्कनीच्या दारातून दोघं, सीन सुरुवातीपासून शेवटपर्यंत.
2. ओट्याच्या टोकावरून ताईचा बाजूचा सिंगल, मागे अंधुक भाऊ.
3. दारातला भाऊ, सिंगल.
4. ती वळल्यानंतर भावाच्या खांद्यावरून ताईचा सजेशन, म्हणजे त्याचा खांदा फ्रेमच्या कडेला ठेवून तिचा चेहरा.
5. त्याच्या उलट, ताईच्या खांद्यावरून भाऊ.
6. इन्सर्ट (एखाद्या वस्तूचा जवळून घेतलेला शॉट): पिठातला कागद.
7. इन्सर्ट: तव्यावर करपू लागलेली पोळी.

चौथा आणि पाचवा शॉट एकाच लेन्सने, सारख्याच अंतरावरून घ्या, नाहीतर जोडल्यावर एक चेहरा मोठा आणि एक लहान दिसतो.

ॲक्सिसचा, म्हणजे कोण कुठल्या दिशेला बघतंय याचा, गोंधळ टाळायला नकाशावर ताईपासून भावापर्यंत सरळ रेघ मारा. कॅमेऱ्याच्या सगळ्या जागा रेघेच्या एकाच बाजूला हव्यात, आपल्याकडे खिडकीच्या बाजूला. एखादी जागा पलीकडे गेली की दोघं एकाच दिशेला बघताना दिसतात आणि एकमेकांशी बोलतायत असं वाटत नाही. भाऊ दारातून स्टुलावर आला की रेघही हलते. नवी रेघ काढून पुन्हा तपासा.

आता संहितेच्या प्रत्येक ओळीपुढे शॉटचा नंबर लिहा. ज्याचा नंबर कुठेच आला नाही तो शॉट यादीतून काढून टाका. नवख्या टीमला जागा बदलणं, लाइट लावणं आणि टेक धरून प्रत्येक शॉटला पाऊण तास तरी लागतो. सात शॉट म्हणजे सव्वापाच तास, वर जेवण आणि अडचणी. दिवस भरला. बारा शॉट लिहिलेत तर शेवटचे पाच घाईत होतील, आणि बहुधा महत्त्वाचे तेच असतील.

शूटिंगचा क्रम संहितेप्रमाणे लावू नका. खिडकी दिसणारे शॉट ऊन हवं तसं असतानाच घ्या. मास्टर आधी, इन्सर्ट सर्वांत शेवटी, कलाकार गेल्यावरही चालतील. ताईचा चौथा शॉट मात्र दिवसाच्या टोकाला टाकू नका. तो जेवणाआधी, ती ताजी असताना उरका.

सावध: या सीनमधली खरी कंटिन्युटी, म्हणजे एका शॉटमधल्या गोष्टी दुसऱ्यात तशाच दिसणं, पोळ्यांच्या चळतीत आहे. एकाच माणसाला हे एकच काम द्या. पहिल्या ओळीला डब्यात चार पोळ्या, “आईला माहितीये?”ला सहा, असं लिहून ठेवा आणि प्रत्येक टेकच्या आधी फोटोशी ताडून बघा. पोळ्या आणि गोळे घरून जास्तीचे करून आणा.

## टप्पा ६: कॅमेरा आणि आवाजाची सेटिंग आदल्या दिवशी

इथे फार विचार करायचा नाही, फक्त विसरायचं नाही. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची आहे, म्हणून सेकंदाला 25 फ्रेम आणि 1/50 शटर ठेवा. घरगुती दिव्यांच्या पट्ट्या फ्रेममध्ये नाचण्याचा धोका त्याने टळतो. ऑटो फोकस, ऑटो एक्स्पोजर, ऑटो व्हाइट बॅलन्स बंद. खिडकीचा प्रकाश वापरत असाल तर व्हाइट बॅलन्स 5600 केल्विनवर, आणि ट्यूबलाइट बंद. दोन रंगांचे प्रकाश चेहऱ्यावर मिसळले तर नंतर सुधारणं कठीण जातं. सावलीची बाजू उचलायला पांढरा थर्मोकोल पुरतो.

मोबाइलवर शूट करत असाल तर आतलं कॅमेरा ॲप वापरू नका, फ्रेमचा वेग बरेचदा मधेच बदलतो आणि वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज सरकत जातो. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे ॲप फुकट आहे, त्यात वेग आणि शटर दोन्ही पक्कं करता येतं.

आवाज 48 किलोहर्ट्झ, 24 बिटवर. मोठ्यातला मोठा संवाद रेकॉर्डरच्या मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहावा. माइक डोक्याच्या वर, फ्रेमच्या अगदी कडेबाहेर. हातभर अंतरापलीकडे गेला की स्वयंपाकघराच्या टाइल्स घुमायला लागतात. संवादाच्या शॉटला गॅस बंद ठेवा. लाटण्याचा, तव्याचा, डब्याच्या झाकणाचा आवाज नंतर वेगळा घ्या.

तपासा: आदल्या दिवशी याच सेटिंगवर मिनिटभर शूट करा आणि लॅपटॉपवर, हेडफोन लावून बघा. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळंच शार्प दिसतं.

## टप्पा ७: शूटिंगचा दिवस

सकाळी पहिलं काम: फ्रिज बंद करा आणि आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. संध्याकाळी किल्ली घ्यायला गेलात की फ्रिज सुरू करायची आठवण होते. ज्यांनी घर दिलं त्यांचं दूध नासवून कुणी परत जाऊ नये.

प्रत्येक शॉटचा क्रम एकच ठेवा. कलाकारांसोबत हालचाल, मग त्यांना बाहेर पाठवून लाइट आणि फोकस, मग एक पूर्ण तालीम, मग टेक. लाइट लागत असताना कलाकारांना उभं करून ठेवू नका. त्यांची ऊर्जा तिथेच संपते. हाका ठरलेल्या: ‘रोल साउंड’, ‘रोल कॅमेरा’, सीन-शॉट-टेक नंबर, क्लॅप. क्लॅपनंतर श्वासभर थांबून ‘ॲक्शन’.

शेवटची ओळ संपली की लगेच ‘कट’ म्हणू नका. मनात पाच मोजा. ओळ संपल्यावर कलाकार जे करतात ते कधी कधी संहितेपेक्षा सरस असतं, आणि एडिटला ती जागा लागतेच.

जागा बदलण्याआधी तीस सेकंद, कुणी न बोलता, नुसत्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करा. सगळे होते तिथेच उभे, कुणी हलायचं नाही. संवादांमधल्या फटी भरायला हाच तुकडा वापरतात.

सावध: ‘हे पोस्टमध्ये बघू’, म्हणजे नंतर एडिटला बसल्यावर सुधारू, असं कुणी म्हणालं की काम थांबवून नेमकं काय बघायचं आहे ते विचारा. माइकची सावली, अस्पष्ट फोकस आणि कुकरची शिट्टी आत्ता पाच मिनिटांत सुटतात.

## टप्पा ८: दोन टेकच्या मधे काय बोलायचं

‘कट’ झाल्यावर सगळे तुमच्याकडे बघतात आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोललं जातं. तसं करू नका. कलाकारांजवळ चालत जा, हळू आवाजात, एका वेळी एकाशी, एकच सूचना द्या.

ओळ स्वतः म्हणून दाखवू नका. कलाकार तुमचा सूर उचलेल आणि सीन दोघांच्या ऐवजी एकाच माणसाचा होईल. ‘आणखी भावना आण’ असंही म्हणू नका. समासातलं क्रियापद बदला. भाऊ फार केविलवाणा होत असेल तर सांगा, “विनंती करू नकोस. हे ठरलेलंच आहे, तू फक्त वेळ कळवायला आलायस.” ताई आधीपासूनच चिडलेली दिसत असेल तर सांगा, “तो आल्याचा तुला आनंद झालाय. जेवूनच जा म्हणायचं आहे.” मग वळण्याआधी तिला खरंच काहीतरी गमवावं लागतं.

टेक चांगला झाला तर तेही नेमकं सांगा: “कागद सरकवलास ते ठेव.” नुसतं ‘मस्त’ म्हटल्याने काय मस्त झालं ते कळत नाही. मात्र फार बारीक कौतुकही नको, पुढच्या वेळी तेवढीच जागा सजवली जाते.

तीन-चार टेकनंतर काहीच हलत नसेल तर पाचवा तसाच घेऊ नका. अडचण बहुतेक वेळा हालचालीत असते. स्टूल पुढे घ्या, एक ओळ कापा, किंवा भावाला दारातच उभं ठेवा.

## टप्पा ९: डेटा आणि पहिला कट

लोकेशन सोडण्याआधी सगळ्या फाइल दोन वेगळ्या ड्राइव्हवर कॉपी करा. फाइलची संख्या आणि आकार ताडा, मधल्या दोन-तीन क्लिप चालवून बघा. दोन्ही ड्राइव्ह दोन वेगळ्या माणसांच्या बॅगेत जाऊ द्या. तोवर कार्ड फॉरमॅट करायचं नाही, भाड्याचं असलं तरी.

एडिटसाठी दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरते. पहिला कट संगीताशिवाय जोडा. संगीत लावून सीन उभा राहत असेल तर तो अजून उभा राहिलेला नाही. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरच राहायची सवय मोडा: भाऊ घाई करतोय तेव्हा ताईची पाठ आणि थांबलेलं लाटणं दाखवा, त्याचा आवाज वरून येऊ द्या. पुढच्या शॉटचा संवाद अर्धा सेकंद आधी सुरू केला की जोड दिसत नाही.

मग पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन ओळी काढून बघा. ‘कशी आहेस’, ‘बरी आहे’ बहुधा नकोच असतं, आणि भाऊ गेल्यावर ताईने स्वतःशी पुटपुटलेलं वाक्यही.

कट दाखवायला अशी व्यक्ती निवडा जिने संहिता वाचलेली नाही. ‘कसं वाटलं?’ विचारू नका, उत्तर ‘छान’ येईल. “काय घडलं ते सांग,” एवढंच म्हणा. तिच्या उत्तरात टप्पा १ मधलं वाक्य, तिच्या शब्दांत का होईना, आलं तर आवाजाच्या कामाला लागा. ‘भाऊ जमिनीसाठी आला होता’ इथेच ती थांबली, तर “आईला माहितीये?”च्या आधीचा अर्धा मिनिट पुन्हा उघडा. ताई वळण्याआधीच तिचा चेहरा दाखवला असेल, तर तो शॉट तिथून काढा.